आईची कहाणी लिहायचीय, पण ती सांगते सगळ्या दुसऱ्यांच्याच गोष्टी

प्रश्न: माझी आई 83 वर्षांची आहे, साधारण वर्षभर झालं असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे वयस्करांना रोजच्या कामात मदत मिळते अशा निवासात, राहतेय. आधीपासूनच माणसांत रमणारी, तिथेही पहिल्या महिन्यातच अख्ख्या मजल्याशी ओळख करून घेतली, कुणाचा नातू काय शिकतो, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं तिला माहीत. तिथल्या मॅनेजर बाईंनी मला ‘जीवनकहाणी’चा एक फॉर्म दिलाय, सगळ्यांचाच भरून घेतात. मी आईला विचारायला बसते तर ती स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलते आणि मग दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सुरू. तीच गोष्ट दरवेळी वेगळी सांगते, त्यामुळे भाऊ म्हणतो आधी तारखा पक्क्या कर मगच लिही. त्यात परवा तिथल्या एका केअरटेकर मुलीकडून कळलं की आईने टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटरची नोकरी माझ्या जन्मानंतर स्वतःहून सोडली नव्हती, घरच्यांनी सोडायला लावली होती आणि नंतर कित्येक महिने ती रोज रडायची. मला आयुष्यभर ‘मलाच कंटाळा आला होता’ असं सांगितलंय. त्या मुलीला सांगावंसं वाटलं आणि मला नाही, हे फार लागलंय मनाला. मी ही कहाणी लिहू का, आणि लिहिली तर ती गोष्ट त्यात घालू का? बाकी आई छान आहे, हल्ली फक्त दुपारचं जेवण रूमवरच मागवते, म्हणते हॉलमध्ये फार कलकलाट असतो.

उत्तर: ताई, लिहा, नक्की लिहा. पण तुम्ही ‘बाकी आई छान आहे’ म्हणून जे शेवटचं वाक्य सहज लिहून टाकलंय ना, मला तिथूनच सुरुवात करायचीय, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्याच वाक्याने.

जी बाई महिन्याभरात अख्खा मजला ओळखते ती जेवायला एकटी रूममध्ये बसते, हे ‘फक्त’ नाहीये. बोलक्या माणसांच्या बाबतीत हे नेहमी होतं, ती कायम हसतमुख असतात त्यामुळे स्टाफलाही वाटतं यांचं मस्त चाललंय, सगळ्यांचं लक्ष गप्प बसणाऱ्यांकडे जातं, आणि बोलकं माणूस हळूहळू मागे सरकायला लागलं तरी चार-सहा महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि त्या कारण सांगतायत कलकलाटाचं, म्हणजे माझा पहिला संशय कानांवर आहे. वय वाढतं तसं बहुतेक वेळा आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं. स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात पण स, श, फ, त, क असली व्यंजनं निसटतात, त्यामुळे माणूस म्हणतो की ‘ऐकू येतंय, पण काय बोलतायत ते कळत नाही’. रूममध्ये तुम्ही समोर बसून बोलता तेव्हा सगळं ठीक वाटतं, कारण शांतता असते आणि ओठही दिसत असतात, पण डायनिंग हॉलमध्ये भांडी, खुर्च्या ओढल्याचे आवाज, टीव्ही, चार टेबलांवरच्या गप्पा, यातून शेजारचीचं वाक्य वेगळं काढणं म्हणजे मेहनतच. दोनदा चुकीचं उत्तर दिलं गेलं, कुणी हसलं, की तिसऱ्यांदा माणूस जायचंच टाळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे साठीच्या पुढच्या लोकांपैकी 25 टक्क्यांहून जास्त जणांना रोजचे व्यवहार अडतील इतकं कमी ऐकू येतं, आणि तुमच्या आईंचं वय तर 83. त्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या हो! ज्या बाईंनी माणसं आवाजावरून ओळखली, कानाला हेडफोन लावून कितीतरी अनोळखी लोकांचं बोलणं जोडून दिलं, त्यांना कान दगा देतायत हे दुसऱ्यापुढे कबूल करणं किती अवघड जात असेल. कलकलाट आहे म्हणणं त्यापेक्षा सोपं.

तेव्हा आधी डॉक्टरांकडून कानात मळ साठलाय का ते बघून घ्या, ही अगदी साधी गोष्ट असते आणि वयस्कर माणसांत भरपूर आढळते. मग ऑडिओलॉजिस्टकडे रीतसर ऐकण्याची तपासणी. हिअरिंग एड आधीपासून असेल तर बॅटरी चालू आहे का, ते कपाटात तर पडून नाही ना, तेही बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेंशिया (स्मृतिभ्रंश) कमिशनने 2024 च्या अहवालात डिमेंशियाचे जे 14 कमी करता येण्यासारखे धोके सांगितलेत त्यात ऐकू कमी येणंही आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे, आणि इथे एकामुळे दुसरं होतंय असं मला दिसतंय, म्हणून उगाच ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

कानच असतील असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. कवळी नीट बसत नसेल तर चारचौघांत जेवायची लाज वाटते. वारंवार बाथरूमला जावं लागत असेल तर जेवणाच्या मधे उठायचं कसं म्हणून माणूस जातच नाही. नवीन औषध सुरू झालं असेल तर दुपारी गुंगी येऊ शकते. आणि अजून एक गोष्ट, जी विचारायला लोक घाबरतात, त्यांच्या टेबलावर कोण कोण बसायचं आणि त्यातलं आता कोण नाहीये? अशा ठिकाणी माणसं दवाखान्यात जातात, दुसरीकडे हलतात, देवाघरी जातात, आणि पुष्कळदा बाकीच्यांशी त्याबद्दल कुणी धड बोलतही नाही, खुर्ची फक्त दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळते. माणसांत जगणाऱ्या बाईला हे इतरांपेक्षा जास्त वेळा सोसावं लागतं, कारण तिच्या ओळखीच जास्त. केअरटेकर मुलीला हे विचारा, तिला नक्की माहीत असणार. यातलं काहीच नसेल आणि झोप, भूक, बोलणं यातही फरक वाटत असेल तर डॉक्टरांना डिप्रेशनबद्दल स्पष्ट विचारा, म्हातारपणासाठी खास बनवलेली 15 प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, पाच-दहा मिनिटांत होते. आणि कधी एकदम दोन-चार दिवसांत गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या तर मात्र वाट न बघता दाखवा, युरिन इन्फेक्शनमुळेसुद्धा वयस्कर माणसांचं असं होतं.

आता कहाणीकडे येते.

तुम्ही म्हणता त्या स्वतःबद्दल बोलतच नाहीत. ताई, मला पत्र वाचून वाटलं की त्या स्वतःबद्दलच बोलतायत सगळा वेळ, फक्त फॉर्मला ते कळत नाहीये. फॉर्म विचारतो जन्म कधी, शिक्षण किती, नोकरी कुठे, लग्न कधी, छंद काय. एकट्याने पुस्तकं वाचत, बागकाम करत जगलेल्या माणसाला हे प्रश्न ठीक आहेत. पण काही माणसांचं आयुष्य त्यांच्यात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मधे घडलेलं असतं, त्यांना ‘मी’पासून सुरुवात करताच येत नाही. ‘शिफ्टला माझ्या शेजारी अमकी बसायची, तिचा नवरा असा होता’ हीच त्यांची सुरुवात. तर तिला जाऊ द्या तिथे, वळवून आणू नका, गोष्ट पूर्ण होऊ द्या आणि मग एकच प्रश्न विचारा, ‘मग तू काय केलंस?’ बस. मैत्रिणीचा नवरा तसा होता, मग तू काय केलंस? ती रात्रपाळीला येऊ शकली नाही, मग तू काय केलंस? त्या एका प्रश्नाने दुसऱ्याच्या गोष्टीतून तुमची आई बाहेर यायला लागेल, आणि ती फॉर्ममधल्या उत्तरांपेक्षा कितीतरी खरी असेल.

जुने फोटो घेऊन जा पण ‘हे कुठलं साल’ विचारू नका, सालाशी त्यांचं काही घेणंदेणं नाहीये. विचारा की फोटो कुणी काढला, यात कोण नाहीये, आणि का नाहीये. वेळ शक्यतो सकाळची, जेव्हा त्या ताज्या असतात, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, टीव्ही बंद, तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं समोर बसा. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करा, पण विचारून, लपवून अजिबात नाही. आणि एकदा तरी असं करून बघा की तिथल्या त्यांच्या एखाद्या मैत्रिणीलाही रूममध्ये बोलवा. बोलक्या बायका एकट्या मुलीपुढे जेवढं सांगतात त्याच्या दुप्पट मैत्रिणीपुढे सांगतात, आणि मैत्रीण असे प्रश्न विचारते जे मुलीला सुचत नाहीत किंवा सुचले तरी विचारता येत नाहीत.

त्या एक्स्चेंजच्या दिवसांवरच सारखं सारखं येत असतील तर त्यात विसरभोळेपणाचं काही नाही. मानसशास्त्रात हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय की म्हातारपणी माणसाला साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी जास्त येतात, पहिली नोकरी, पहिला पगार, घराबाहेरची पहिली माणसं सगळी त्याच काळातली असतात. एकेकाळी म्हातारी माणसं जुनं उगाळतात हे बिघाडाचं लक्षण धरायचे. 1963 मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलं की नाही, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात मागचं सगळं पुन्हा काढून बघणं, त्यातलं जे अडकून राहिलंय ते सोडवायचा प्रयत्न करणं ही नैसर्गिक गोष्ट आहे. (हेच बटलर पुढे तिथल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे पहिले संचालक झाले.) म्हणजे तुमच्या आई तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतायत तेव्हा त्यांचं त्या गोष्टीबरोबर अजून काही तरी काम बाकी असेल असं धरा, ‘हे सांगितलंयस आई’ म्हणून तोडू नका. यावेळी काय बदललं, कोण नवीन आलं गोष्टीत, तेवढं फक्त ऐका.

तुमच्या भावाचं म्हणणं मला पटत नाही. तारखा हव्यात हे बरोबर, पण ते काम आईचं नाही आणि तुमचंही नाही. ते भावालाच द्या, कागदपत्रं काढून, नातेवाइकांना फोन करून त्यांनी एका वेगळ्या पानावर सालं लिहावीत, त्यांना ते आवडेलही. आईसमोर मात्र एकही दुरुस्ती नको. आठवण ही कपाटात घडी घालून ठेवलेली नसते, दरवेळी सांगताना माणूस ती पुन्हा उभी करतो, ऐकणारा कोण आहे त्याप्रमाणे काही ठळक करतो, काही गाळतो, हे 83 व्या वर्षीच नाही, तुमचं माझंही तसंच होतं. आणि चारचौघांत गप्पा रंगवणाऱ्या माणसाला ‘तेव्हा तू तिथे नव्हतीसच’ असं दोन वेळा म्हटलं ना, की ते तिसऱ्यांदा तोंडच उघडत नाही. तुमच्याकडे सालं असलेलं पण आई नसलेलं एक पान उरेल, ते काय करायचंय?

आता जे मनाला लागलंय ते.

त्या मुलीला सांगितलं आणि मला नाही, याचा अर्थ तुम्ही असा लावताय की ती मुलगी जवळची आणि तुम्ही लांबच्या. मला हे उलटं दिसतं. नोकरी कधी सुटली? तुमच्या जन्मानंतर. त्या तुम्हाला हे कुठल्या वयात सांगणार होत्या, दहाव्या? विसाव्या? कधीही सांगितलं असतं तरी तुम्ही ते ‘माझ्यामुळे’ असंच ऐकलं असतं, आणि आत्ताही पत्रात कुठेतरी तसंच ऐकताय. ‘मलाच कंटाळा आला होता’ हे वाक्य त्यांनी तुमच्यासाठी तयार केलं आणि पन्नासेक वर्षं न विसरता सांभाळलं. केअरटेकर मुलीला सांगताना असं काही सांभाळायचं नव्हतं, तिचं त्यात काहीच गुंतलेलं नाही, ती अंघोळ घालते, केस विंचरते, त्या वेळात माणूस बोलून जातं. आपलं दुःख सगळ्यात जवळच्या माणसाला सोडून कुणाला तरी सांगावं लागतं, अशी कितीतरी आईबापांची अडचण असते. तरी वाईट वाटणारच, ते वाटू द्या, तुम्ही काही चुकीचं करत नाहीये. फक्त तो राग त्या मुलीवर निघू देऊ नका आणि तिने सांगितलं म्हणून तिची तक्रारही नको, तिचं आणि आईचं जे जमलंय त्याच्यावर आईचे बरेचसे दिवस उभे आहेत.

‘मला का नाही सांगितलंस’ असं थेट विचारू नका, तो प्रश्न नाही, आरोप आहे, आणि उत्तर म्हणून पुन्हा तेच कंटाळ्याचं वाक्य येईल. एक्स्चेंजबद्दल विचारा. खुर्च्या कशा होत्या, कुणाचा आवाज लगेच ओळखू यायचा, रात्री लाइन शांत असायची तेव्हा तुम्ही मुली काय करायचात, बॉस कसा होता. कितीतरी वेळ फक्त एवढंच. मग एखाद्या दिवशी जमलं तर म्हणा, ‘आई, तुला ती नोकरी खूप आवडायची ना गं.’ प्रश्नचिन्ह नको त्याच्यापुढे. यावर त्या बोलल्या तर बोलल्या, आणि विषय बदलला तर तुम्हीही बदला, तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं तरच ते लिहायचं, आणि तेव्हाही विचारून की हे कुणी कुणी वाचलेलं चालेल. केअरटेकरकडून ऐकलेलं फॉर्ममध्ये घालायचं नाही, यावर मी ठाम आहे. तो फॉर्म फाइलमध्ये जाणार, ड्यूटीवर येणारा प्रत्येक जण वाचणार, आणि उद्या कुणी नवीन मुलगी भाबडेपणाने विचारेल ‘आजी, तुम्हाला नोकरी सोडायला लावली होती ना?’, तेव्हा त्यांना कसं वाटेल.

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी लिहा. एक स्टाफसाठी, फक्त एक पान, आणि त्यात जन्मस्थळापेक्षा कामाच्या गोष्टी हव्यात. काय म्हणून हाक मारलेली आवडते. कुठल्या कानाने जास्त ऐकू येतं आणि समोर येऊन बोलावं. ऑपरेटर होत्या, त्या कामाबद्दल विचारलं की खुलतात. रात्री उशिरा झोपायची सवय आहे. हॉलमध्ये भिंतीकडची, टीव्हीपासून लांबची जागा द्यावी, मोठ्या टेबलापेक्षा तीन-चार जणींचं टेबल बरं. कुणी गेलं तर त्यांच्यापासून लपवू नये, सांगावं. हे पान पुढे स्मरणशक्ती कमी झाली तर फार उपयोगी पडतं, कारण तेव्हा त्या स्वतः सांगू शकणार नाहीत आणि नवीन माणसाला समोर फक्त एक म्हातारी बाई दिसेल.

दुसरी मोठी, घरासाठी, त्यांच्याच शब्दांत. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी गंभीर आजारी, शेवटच्या टप्प्यातल्या लोकांसाठी एक पद्धत बसवलीय, 2005 मध्ये त्यांनी त्याचे निष्कर्ष छापले. त्यात माणसाशी बोलून रेकॉर्ड करतात, टाइप करतात, नीट लावतात, आणि मग मुख्य म्हणजे ते त्या माणसाला वाचून दाखवतात, त्याने हवं ते बदलायचं, खोडायचं, आणि कुणाला द्यायचं तेही त्यानेच ठरवायचं. तुमच्या आई आजारी नाहीत, पण ही वाचून दाखवायची पायरी मात्र तशीच उचला. त्यांच्या एका प्रश्नाचा अर्थ असा आहे की तुम्हाला सगळ्यात जास्त जिवंत कधी वाटलं, हा जरूर विचारा. मोठ्या अक्षरांत प्रिंट काढा, वाचून दाखवा, त्या म्हणतील ‘हे असं नव्हतं’, लगेच बदला, भाऊ काहीही म्हणो.

अजून एक, कहाणी लिहून झाली म्हणजे त्या माणसाची गोष्ट संपली असं आपण नकळत वागायला लागतो, तसं होऊ देऊ नका, त्यांना आत्ताही काही तरी काम हवंय. 1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका नर्सिंग होममधला प्रयोग छापला होता. एका गटाला सांगितलं तुमचे निर्णय तुम्ही घ्या आणि एक रोप दिलं, याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या गटालाही रोप दिलं, पण पाणी स्टाफ घालेल म्हणून. पहिल्या गटातली माणसं जास्त उत्साही, जास्त हालचाल करणारी दिसली. तुमच्या आईंना रोप नको, माणसं द्या! मॅनेजर बाईंना विचारा की नवीन राहायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी फिरवून आणायचं, कुणाशी कुणाची ओळख करून द्यायची, हे काम अधिकृतपणे यांच्याकडे देता येईल का. ऑपरेटरचंच काम आहे ते, याला त्याच्याशी जोडून द्यायचं. आणि हे एकेकट्या माणसाशी असतं, हॉलच्या गोंगाटात नसतं, त्यामुळे कान साथ देत नसले तरी जमेल.

तर या आठवड्यात कानांची अपॉइंटमेंट घ्या, त्याच दिवशी केअरटेकरशी टेबलाबद्दल बोलून घ्या. मॅनेजर बाईंना कळवा की फॉर्मला अजून महिनाभर लागेल, पण ते स्टाफसाठीचं एक पान मी आधी देते. आणि पुढच्या भेटीला जाल तेव्हा दुपारच्या जेवणाच्या वेळीच जा आणि आईबरोबर हॉलमध्ये बसून जेवा, म्हणजे तिथे नक्की काय होतंय ते तुम्हाला स्वतःला दिसेल. तपासणीत काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.